घरगुती बैठकीसाठी रेकॉर्डर: कोणता घ्यावा आणि मुख्य म्हणजे ठेवावा कुठे?

गौडसारंगी

नमस्कार मंडळी,

आमच्या गुरुजींकडे दर महिन्याला घरगुती बैठक असते. सदाशिव पेठेतली इमारत, तिसरा मजला, हॉलमध्ये सतरंज्या आणि तीस-चाळीस श्रोते. माइक-स्पीकर काही नाही. गाणं, तबला, पेटी आणि मागे दोन तंबोरे, त्यातला एक बहुतेक वेळा माझ्याकडे. गुरुजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. वर्गात ज्या जागा ते कधी सांगत नाहीत त्या बैठकीत सहज येऊन जातात. परवा तेच म्हणाले, "फोनवर काय करता, जरा बरं काहीतरी आणा." तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही.

सध्या फोनवर करतो. विलंबितात ठीक वाटतं, पण तबल्याची तिहाई आली की गाणं एकदम मागे जातं आणि मग हळूहळू वर येतं. तंबोरे तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

बजेट वीस हजार, फार तर पंचवीस. कोणता घ्यावा? दुकानदार '३२ बिट फ्लोट' वाला घ्या म्हणून मागे लागलाय, ते खरंच लागतं का? आणि तो ठेवायचा कुठे?

खुंटीपिळ्या

ताई, तुमचा फोन बिघडलेला नाही, त्याला शिकवलेलं काम तो चोख करतोय. फोनला माणसाचं बोलणं टिपायचं असतं. म्हणून तो बारीक आवाज वर ओढतो, मोठा आला की सगळंच खाली दाबतो, आणि एकसारखा चालणारा आवाज दिसला की गोंगाट समजून पुसून टाकतो. तुमचे तंबोरे त्याच्या लेखी पंख्यासारखेच. अखंड चालू, म्हणजे नको असलेले.

रेकॉर्डर साधा घेतलात तरी ही भानगड संपते. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे मेनूत जाऊन ऑटो लेव्हल बंद, लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) बंद, लो-कट (खालचे सूर कापणारा) बंद. लो-कट विशेष करून. ८० हर्ट्झला लावून ठेवलात तर बायाँची (तबल्यातल्या डाव्याची) घुमक गेलीच म्हणून समजा.

तुमच्या बजेटात बघण्यासारखे:

झूम एच१ इसेन्शियल. अगदी लहान, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो, डोक्यावर एक्स-वाय जोडीचे, म्हणजे एकमेकांवरून तिरके बसवलेले माइक. आवाजाची पातळी लावायची चकतीच नाही, कारण तो ३२ बिट फ्लोटमध्येच मुद्रित करतो. मेनू बोलून दाखवायची सोय आहे, आमच्या एका दृष्टिहीन मित्राला त्याचा फार उपयोग होतो.

टास्कॅम डीआर-०५एक्स आणि डीआर-०७एक्स. दिसायला भावंडं, पण ०५ चे माइक चहूकडून सारखं ऐकणारे आणि ०७ चे दिशा धरणारे, शिवाय ते आत-बाहेर फिरवता येतात. दुकानात हा फरक कुणी सांगत नाही.

पुढेमागे बाहेरचे माइक लावायचे असतील तर एच४ इसेन्शियल किंवा टास्कॅम डीआर-४०एक्स. दोन्हीला खाली एक्सएलआरची (बाहेरच्या माइकच्या जाड वायरीची) दोन भोकं आणि ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकला त्याच वायरीतून वीज द्यायची सोय आहे. झूमचा एफ३ चांगला आहे, पण त्याला स्वतःचे माइकच नाहीत. माइक, स्टँड, केबल धरून बजेटच्या बाहेर जाईल.

कुणा काकांकडे सोनीचा पीसीएम-डी१०० कपाटात पडून असेल तर त्यांच्याशी गोड बोलायला लागा. आता तो बनत नाही.

कसबेकर साउंड

नाट्यगृहात साउंड करतो, म्हणून थोडं कडू बोलतो. ३२ बिट फ्लोटचा हल्ली फारच गवगवा झालाय. आत आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर असतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोघांचं मिळून एक रेकॉर्डिंग होतं. आवाज कितीही वर गेला तरी फाइलमध्ये फाटत नाही, नंतर खाली ओढला की शाबूत मिळतो. इथपर्यंत खरं आहे. पण माइकच्या आतली, आवाजाने हलणारी चकतीच तेवढा आवाज झेलू शकली नाही तर? एच१ इसेन्शियलच्या माइकची मर्यादा १२० डेसिबल आहे. त्याच्या वरचं काही नाकाशी आलं तर फाइल किती का बिटची असेना, फाटलेलंच येणार. आणि खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. पंखा चालू असलेल्या पुण्यातल्या हॉलमध्ये २४ बिटसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पातळी अशी लावा की सर्वांत जोरकस जागेला पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल. काम झालं. वीस वर्षं असंच चाललंय.

खुंटीपिळ्या

कसबेकर, सगळं मान्य. पण ताई तंबोऱ्यावर बसणार आहेत! काट्याकडे बघणार कोण? आलापात बारीक म्हणून पातळी वर ठेवावी, तर द्रुतातली तान आणि तबल्याचा उठाण मिळून वीस डेसिबलनी वर जातात. तुमच्यासारखा माणूस यंत्रापाशी बसलेला असेल तर २४ बिट पुरे. स्वतः मांडीवर तंबोरा घेऊन मागे बसणाऱ्या शिष्येला फ्लोट म्हणजे एक चिंता कमी. तिथे त्याची खरी किंमत आहे.

कसबेकर साउंड

हा मुद्दा बरोबर. तंबोरेवालीसाठी फ्लोट घ्या.

पेटीमास्तर

यंत्राचं तुम्ही लोक बघा. मी साथीला बसणारा माणूस, जागेबद्दल सांगतो, कारण नव्वद टक्के रेकॉर्डिंगं तिथेच बिघडलेली ऐकली आहेत.

लोक काय करतात, तर ते बोटभर तिपाईवर यंत्र लावतात आणि गायकाच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवतात. तिथे जमिनीलगत सर्वांत मोठं काय असतं? पेटीचा भाता आणि बायाँ. गायकाचं तोंड त्याच्या वर दोन-अडीच फुटांवर, आवाज यंत्राच्या डोक्यावरून निघून जातो. मग घरी ऐकताना म्हणायचं, पेटीवाला फार वाजवत होता. अहो, मी वाजवत नव्हतो, तुमचं यंत्र माझ्या भात्यात तोंड घालून बसलं होतं.

माइकचा साधा स्टँड घ्या, कॅमेऱ्याची तिपाई असली तरी चालेल. बहुतेक रेकॉर्डरना खाली तोच आटा असतो. गायकाच्या तोंडाच्या उंचीपेक्षा वीतभर वर, समोर पाच-सहा फुटांवर, किंचित खाली रोखलेला. हे झालं सुरुवातीचं ठिकाण. नंतर कानाने ठरवायचं. जुळवाजुळव चालू असताना तिथे स्वतःचं डोकं न्या, डोळे मिटा आणि तबलजीला एक तुकडा वाजवायला सांगा. तबला मोठा वाटला तर यंत्र तबल्याकडून फिरवू नका, गायकाकडे सरकवा. फिरवल्याने बोलांची धार जाते, आवाज मात्र मोठाच राहतो. सरकवल्याने प्रमाण बदलतं. पाच फुटांवरून तीनवर आलात की गायकाचा आवाज चार डेसिबलपेक्षा जास्त वाढतो, आणि बाजूला बसलेल्या तबल्याचा तितका वाढत नाही.

आता तंबोरे. ते गायकाच्या मागे, म्हणजे गायकाच्या अंगाने निम्मे अडलेले. दोघी अगदी पाठीमागे बसला असाल तर हातभर बाहेर सरका, म्हणजे भोपळ्यापासून यंत्रापर्यंत सरळ वाट मोकळी राहील. गुरुजींनाही कानाशी ऐकू आला पाहिजे, तेव्हा फार लांब नको. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर तो गायकाच्या मागेच ठेवा. पुष्कळ घरांत तो पुढे, रेकॉर्डरच्या शेजारी ठेवलेला पाहिलाय, मग सगळी मैफल तंबोऱ्याची आणि गायक साथीला.

आणि भिंत. यंत्राच्या मागे फूटभरावर उघडी भिंत असेल तर आवाज आपटून परत येतो आणि डब्यात गायल्यासारखं होतं. हॉलच्या मध्याकडे या, श्रोत्यांना थोडं दाटीवाटीने बसवा. माणसांनी भरलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा चांगली वाजते, तालमीला बसणाऱ्या कुणालाही विचारा.

शेवटचा_बाक

मास्तर, "पेटीवाला फार वाजवत होता" हे वाक्य आमच्याकडे यंत्र नसतानाही ऐकू येतं हो. (पळतो.)

पेटीमास्तर

पळा पळा.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे बैठका घरांच्या बेसमेंटमध्ये होतात, खाली गालिचा असतो म्हणून घुमण्याचा त्रास नाही, पण गरम हवेचा ब्लोअर आणि फ्रिज हे दोन वैरी. कानाला ते काही वेळाने जाणवेनासे होतात, यंत्राला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जाणवतात. थर्मोस्टॅट बंद, फ्रिजही बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. म्हणजे घरी निघताना तो पुन्हा चालू केल्याशिवाय गाडीच निघत नाही. शूटिंगवाल्यांकडून शिकलेली युक्ती.

तुमच्याकडे पंखा बंद ठेवणं एप्रिलात शक्य नाही हे समजू शकतो. निदान यंत्राच्या बरोबर वरचा तरी बंद ठेवा. पात्याची हवा थेट माइकवर पडली की घों-घों असा जो आवाज येतो तो नंतर काढता येत नाही. स्पंजची टोपी थोडी मदत करते, केसाळ टोपी जास्त.

ओम्नीवादी

माइकच्या जातीबद्दल थोडं. चहूकडून ऐकणारे माइक खर्ज फार सुंदर घेतात. दिशा धरणारे माइक लांबून खर्ज थोडा सोडतात, हा त्यांचा स्वभावच आहे. त्यामुळे मोठ्या, छान घुमणाऱ्या सभागृहात किंवा देवळाच्या दगडी मंडपात मी नेहमी ओम्नी, म्हणजे हे चहूकडून ऐकणारे, लावतो. पण ताईंच्या हॉलमध्ये तो खालच्या रस्त्यावरची रिक्षाही तितक्याच प्रेमाने घेईल. तिथे दिशा धरणारेच बरे, पाठ श्रोत्यांकडे करून. दाद येतेच, खोकला जरा कमी येतो.

एक्स-वाय म्हणजे दोन माइकांची तोंडं एकमेकांवरून तिरकी, चकत्या जवळजवळ एकाच ठिकाणी. डावी-उजवी बाजू फार पसरट वाटत नाही, पण फोनच्या एका स्पीकरवर ऐकलं तरी काही हरवत नाही. शिष्य मंडळी फोनवरच ऐकणार, तेव्हा हे उत्तम. दोन सुटे माइक असतील तर १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही फ्रेंच रेडिओवाल्यांची मांडणी करून बघा. खोलीत बसून ऐकल्याचा भास जास्त येतो.

ढोलताशा_९

आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग करायचंय, हेच चालेल का? सरावाला नदीकाठी असतो.

कसबेकर साउंड

चालेल, पण पथकात घुसून नको. ताशाची काडी फार तीक्ष्ण असते, जवळून ती १२० च्या पलीकडे सहज जाते, आणि वर लिहिलं तसं माइकच फाटतो. वीस-पंचवीस पावलं लांब, कठड्यावर किंवा उंच जागी, केसाळ टोपी घालून. ढोल-ताशांचं एकत्र रूप तिथेच नीट ऐकू येतं. आणि कानात बोळे घाल रे बाबा, रोजचा सराव आहे तुमचा.

गौडसारंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक. वर्षातून एकदा गुरुजींचा कार्यक्रम सभागृहात असतो, तिथे साउंडवाले असतात. त्यांच्याकडून थेट वायर घ्यावी का?

कसबेकर साउंड

घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. मिक्सरमधून जे येतं ते सभागृहात ऐकू येणारं गाणं नसतं. तबला रंगमंचावर मुळातच मोठा असतो म्हणून मी त्याला कमी उचलतो. तुमच्या वायरीत तो कमीच येणार आणि गायक कोरडा, कानात गायल्यासारखा. टाळ्या, दाद नाहीच. उलट तंबोरे मात्र तिथे छान मिळतात, कारण त्यांना वेगळा माइक असतो.

म्हणून दोन्ही घ्या. एच४ इसेन्शियलसारख्या यंत्रात वरचे माइक आणि खालची वायर एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात. घरी मिसळताना लक्षात येईल की वायरीतलं गाणं आधी पोहोचतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, तुम्ही स्पीकरपासून दहा मीटरवर असाल तर माइकवालं जवळजवळ ३० मिलिसेकंद मागे. तबल्याचा एक ठळक 'ना' दोन्ही ट्रॅकवर शोधायचा आणि वायरवाला ट्रॅक तेवढा उशिरा वाजेल असा सरकवायचा. दोन वेगळी यंत्रं वापरलीत तर तासाभरात त्यांची घड्याळं एकमेकांपासून सुटतात आणि हे जुळवणं पुन्हा पुन्हा करावं लागतं, म्हणून एकाच यंत्रात घ्या म्हणतो.

वायर लावण्याआधी दोन गोष्टी. यंत्राचा फँटम बंद. इनपुट माइकवर नाही, लाइनवर (मिक्सरसारख्या यंत्राच्या मोठ्या आवाजासाठीची सेटिंग). मिक्सरचा आवाज माइकच्या भोकात सोडला तर तो आत शिरतानाच फाटतो, मग फ्लोट वगैरे काही वाचवत नाही. यंत्र सेलवर चालवा. चार्जर लावलात की ५० हर्ट्झची घरघर वायरीतून पुष्कळदा येते. आणि साउंडवाल्याला कार्यक्रमाच्या दोन तास आधी विचारा, पडदा उघडायच्या दोन मिनिटं आधी नाही. तेव्हा आम्ही कुणाचेच नसतो.

कलम_३९

परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाले, कलम ३८. आज ते ५० वर्षं टिकतात. कलम ३९ मध्ये अपवाद आहे, स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं मुद्रण हक्कभंग ठरत नाही. म्हणजे गुरुजींची बैठक रियाजासाठी मुद्रित करणं यात बसतं. तेच यूट्यूबवर टाकणं बसत नाही, त्याला वेगळी संमती लागते, आणि ती तबलजी-पेटीवाल्यांचीही लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने तेही कलाकारच. महोत्सवात तिकिटावर 'रेकॉर्डिंगला मनाई' छापलेलं असेल तर अपवादाचा आधार घेऊन दारावर वाद घालू नका, आत सोडायचं की नाही हे आयोजक ठरवतात.

पेटीमास्तर

साथीदारांचं लिहिलंत, बरं केलंत. आम्हाला कुणी विचारत नाही.

जुनी_कॅसेट

उशिरा आले धाग्यावर. यंत्रापेक्षा बारीकसारीक गोष्टींनी जास्त मैफली घालवल्या आहेत, म्हणून त्या लिहिते.

कार्ड यंत्रातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओला तासाला साधारण एक जीबी लागतो. ३२ बिट फ्लोटला तासाला एक जीबी आणि वर चारशे एमबी धरा. तीन तासांची बैठक फ्लोटमध्ये चार जीबीच्या पुढे जाते आणि पुष्कळ यंत्रं तिथे फाइल तोडून दुसरी सुरू करतात. घाबरू नका, आवाज तुटत नाही, नंतर टोकाला टोक लावलं की झालं. ९६ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका, जागा दुप्पट जाते आणि गुरुजींचा षड्ज तोच राहतो.

टास्कॅमच्या आणि झूमच्या काही जुन्या यंत्रांत एकदा बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे ते फक्त तयारीत आहे, मुद्रण सुरू नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो. आकडे पळतायत का ते बघा, दिव्यावर विश्वास ठेवू नका. मग होल्डचं बटण सरकवा, म्हणजे कुणाच्या पदराचा धक्का लागून बंद पडायला नको.

पॉवर बँक लावणार असाल तर घरी तासभर चालवून बघा. ही यंत्रं इतकी कमी वीज खातात की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या झोपी जातात. मध्यंतरात नवे सेल घालणं सर्वांत सोपं.

सुरुवातीला, तंबोरे लागत असताना, यंत्राजवळ जाऊन हळूच बोला: तारीख, ठिकाण, गायक, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण. रागाचं नाव नंतर फाइलला देता येतं, साथीदारांची नावं मात्र दहा वर्षांनी कुणालाही आठवत नाहीत. माझ्याकडे वडिलांच्या कॅसेटी आहेत, त्यावर नुसतं 'मारवा, छान' असं लिहिलेलं आहे. कुणाचा मारवा?

गौडसारंगी

एच१ इसेन्शियल घेतला आणि कालच्या बैठकीत लावला. पेटीमास्तर म्हणाले तसं आधी डोकं घालून ऐकलं (तबलजी हसत होते). पूर्वार्धात यंत्र साधारण सहा फुटांवर होतं, मध्यंतरात चारवर आणलं. फरक थक्क करणारा आहे. पूर्वार्धात गुरुजी खोलीत गातायत असं वाटतं, सुंदर, पण बंदिशीचे शब्द जरा पुसट. उत्तरार्धात शब्द लख्ख आणि 'सा' लावण्याआधीचा त्यांचा श्वाससुद्धा आलाय. पण माझ्या शेजारणीचा तंबोरा पुन्हा बारीक झाला. पुढच्या वेळी चार-पाचच्या मध्ये, आणि आम्ही दोघी आणखी बाहेर.

एक अडचण. फाइल काही शिष्यांच्या फोनवर वाजतच नाही, आणि ज्यांच्याकडे वाजते ते म्हणतात फार बारीक आहे.

ओम्नीवादी

अपेक्षितच आहे. फ्लोट फाइल पुष्कळ फोनना कळत नाही, आणि ती बारीक असणं हा दोष नाही, अजून कुणी तिची पातळी लावलेली नाही इतकंच. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीसारखा फुकट प्रोग्रॅम घ्या, पूर्ण फाइल निवडा, सर्वोच्च जागा उणे १ डेसिबलवर आणा. तानेसाठी एक आणि आलापासाठी दुसरं असं तुकड्या-तुकड्याने करू नका, नाहीतर फोनने जे केलं तेच तुम्ही हाताने कराल. मग २४ बिटमध्ये फ्लॅक (आवाज न बिघडवता आकार कमी करणारा फाइलप्रकार) करून जपून ठेवा. फ्लॅकला फ्लोट चालत नाही, म्हणून आधी २४ बिट. आकार बराच उतरतो आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही. शिष्यांना एमपी३ द्या, पण व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्यातली एक गुरुजींच्या घरी नको.

कसबेकर साउंड

आणि पूर्वार्धातल्या त्या पुसट शब्दांसाठी इक्वलायझर लावत बसू नका. जागा सापडलीय ना, तिथे सतरंजीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.